गिरडची सुपारी आणि उलटी गोगलगाय

वर्ध्याहून हिंगणघाट, समुद्रपूर असे करीत गिरडला जावे. पऱ्हाटीची काळी वावरे मागे पडतात आणि शेख फरीदबाबांची टेकडी दिसू लागते. दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघेही नवस फेडायला येतात. माझे लक्ष मात्र वाटेवरच्या गोट्यांकडे होते. हुबेहूब सुपाऱ्या, जायफळे! बाबांची टवाळी करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल त्यांनी दगड करून टाकला, ही त्यांची कथा.

भूगर्भशास्त्र शिकवणारे एक स्नेही बरोबर होते. ते म्हणाले, "सर, हे झिओलाइट. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत राहिले, त्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून खनिजे साचली. खडक झिजला, गोट्या उरल्या. खरोखर जिवंत असलेले काही पाहायचे तर हे घ्या." त्यांनी पिशवीतून गारेचा तुकडा काढला. नागपूरच्या टाकळीचा. त्यात एक शंख होता.

ही फायसा प्रिन्सेपी, गोड्या पाण्यातली गोगलगाय. सॉवर्बीने 1840 मध्ये तिचे नामकरण केले. तिच्या आजच्या भाऊबंदांपेक्षा चांगलीच थोराड, आणि वळणाने उलटी. टोक वर धरले की तोंड डावीकडे! समुद्रातला असा उलटा शंख लाखात एखादा मिळाला, तर आपण त्याला दक्षिणावर्ती म्हणून देव्हाऱ्यात बसवतो. हिची सारी जातच तशी.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपला हा देश आशियाला जोडलेला नव्हता. समुद्रातून उत्तरेला सरकणारे ते जवळजवळ बेटच होते. लाव्हाचा एक लोट थिजे, त्यावर तळी साचत, काठी झाडे वाढत, तळ्यांत या गोगलगायी नांदत. मग पुढचा लोट येई आणि तळे गाडले जाई. कुठून तरी त्या पुन्हा येत. आपण म्हणतो, गोगलगाय अन् पोटात पाय. पण हिची चिकाटी पाहून मला तरी ती म्हण वापरवेना.

टाकळीचे हे जीवाश्म जमवले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी. 1863 मध्ये टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात ते बुडाले. ज्यांच्या नावाने नागपूरचे कॉलेज आहे, तेच हे. दोन लोटांमधले हे थर जाडीने बेताचेच; पाया खणताना कुदळीला लागले तर गिट्टीत जमा. गिरडच्या गोट्यांना बाबांची कथा तरी आहे. टाकळी तर केव्हाच शहराच्या पोटात गेली.