पाहिलं नाही म्हणण्याची सोय

डॅशकॅम विकणारा दुकानदार पिक्सेल सांगतो, रात्रीचं चित्र दाखवतो, मोबाइलवर व्हिडिओ कसा उतरवायचा तेही शिकवतो. मे महिन्याबद्दल तो बोलत नाही. आमच्या दारव्ह्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा झाडाखाली जागा न मिळालेल्या बंद गाडीत, समोरच्या काचेपाशी, साठ-सत्तर अंश सहज होतात. लिथियम बॅटरीच्या कॅमेऱ्याला हे सोसत नाही. माझा पहिला कॅमेरा दुसऱ्या उन्हाळ्यात फुगला, मागचं झाकण उचकटलं आणि एका सकाळपासून तो रोज १ जानेवारीच दाखवू लागला. नंतरच्या कॅमेऱ्यात बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर आहे. गाडी बंद झाली की शेवटची फाइल नीट जतन करण्यापुरती वीज तो धरून ठेवतो, त्याहून जास्त नाही. तो टिकला आहे. त्याची चिकटपट्टी मात्र दर उन्हाळ्यात सुटते आणि कॅमेरा वायरीला लोंबकळत माझे गुडघे चित्रित करत राहतो.

कॅमेऱ्यात सगळं साठून राहतं, असं ज्यांच्या गाडीत तो नाही त्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो आयुष्यभर पुसतच असतो. एक-एक, तीन-तीन मिनिटांच्या फाइली करायच्या, कार्ड भरलं की सगळ्यात जुनी खोडून तिच्या जागी नवी लिहायची. ६४ जीबीच्या कार्डात साधारण आठ-दहा तासांचा रस्ता मावतो. रोज यवतमाळला जाऊन-येऊन करणाऱ्या माणसाच्या कार्डात सोमवारचं काही शनिवारपर्यंत उरत नाही. पुसण्यातून सुटका फक्त धक्क्याची. आत एक जी-सेन्सर असतो. गाडीला हिसका बसला की त्याला अपघात झाल्यासारखं वाटतं आणि तो चालू फाइलीला कुलूप घालतो. ही युक्ती ज्या कोणी काढली त्याने आपल्याकडचा पावसाळा पाहिलेला नसावा. पहिल्याच श्रावणात माझं कार्ड कुलूपबंद फाइलींनी गच्च भरलं आणि नवं काही लिहायला जागाच उरली नाही. उघडून पाहिलं, तर ते यवतमाळ रोडवरच्या खड्ड्यांचं पंचांग होतं, तारीख-वेळेसकट. सेन्सरची संवेदनशीलता अगदी खाली आणून ठेवली तेव्हा कुठे तो शांत झाला.

बाकी चित्रीकरण कमालीचं कंटाळवाणं असतं, आणि मला ते आवडू लागलं आहे. बोरीअरबजवळ अडाण नदीचा पूल, पावसाळ्यात तिचं गढूळ पाणी. पुढे एसटीची लाल पाठ, तिच्या मागे मी, कितीतरी वेळ. हिवाळ्यात कापसाने फुगलेले ट्रक, त्यांच्या दोरांतून सुटून रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेला पांढरा कापूस. तूर उभी असली की शेतांची उंची बदललेली दिसते. शकुंतलेचे रूळ रस्ता ओलांडतात तिथे गाडी हळू होते. मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज गाडी बंद पडली. दारव्हा मोतीबाग जंक्शनची पाटी लहानपणी पाहिलेल्यांना त्या रुळांवरून जाताना अजूनही उगाच डावी-उजवीकडे पाहायची सवय आहे. कॅमेऱ्याला ती सवय नाही, तो सरळ पाहतो.

आवाजाचं प्रकरण घरातच मिटलं. एकदा लग्नाहून येताना मागच्या सीटवर वहिनी आणि आमच्या सौभाग्यवती यांच्यात आहेराविषयी खुलासेवार चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी पुतण्याने ती मोबाइलवर ऐकली आणि घरभर ऐकवली. त्या संध्याकाळी हिने सांगितलं, “अहो, एकतर त्याचं तोंड बंद करा, नाहीतर मी एसटीनं जाईन.” माइक तेव्हापासून बंद आहे. माझ्या मते तो कोणाच्याही गाडीत बंदच असावा. रस्ता सगळ्यांचा असतो. गाडीच्या आतलं बोलणं बसणाऱ्यांचं असतं, आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

मी कॅमेरा बसवला तो २०२३च्या पावसाळ्यात. त्या वर्षी १ जुलैच्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली, पेटली आणि ३३ जणांपैकी २५ जण आतच गेले. बसचा नंबर आमच्याच जिल्ह्याचा, एमएच २९. त्या आठवड्यात इथल्या पानठेल्यावर, बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर दुसरा विषय नव्हता. टायर फुटला असं चालकाने सांगितलं. परिवहन खात्याच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. मग जागेवर जे उरलं होतं त्यावरून ती काही सेकंदं पुन्हा जुळवायची धडपड सुरू झाली. मी कारंज्याच्या इंटरचेंजवरून समृद्धीवर चढतो तेव्हा ही आठवण अजून टळत नाही. त्या बसच्या काचेवर कॅमेरा असता तर कोणी वाचलं नसतं, हे मलाही कळतं. तरी ती सेकंदं कोणाकडेच नसावीत, हे मला सहन होत नव्हतं. कॅमेरा घेण्यामागे एवढंच होतं. विम्याचा विचार नंतर आला.

काचेवरच्या कॅमेऱ्यांनी एकदा खरंच मोठं काम केलं आहे, तेही रस्त्याबाहेरचं. रशियात विमा-फसवणूक आणि वाहतूक पोलिसांवरचा अविश्वास यांमुळे डॅशकॅम घरोघरी पोचले होते. १५ फेब्रुवारी २०१३च्या सकाळी चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे वीस मीटरचा अशनी फुटला. प्रकाश पाहून लोक खिडक्यांपाशी धावले, धक्क्याची लाट थोड्या वेळाने आली आणि काचा फुटून दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली. कामाला निघालेल्या कितीतरी गाड्यांच्या कॅमेऱ्यांत तो आगीचा गोळा आला होता. शास्त्रज्ञांनी त्या जागांवर जाऊन, रात्रीच्या ताऱ्यांवरून कॅमेऱ्यांचे कोन मोजून, अशनी कुठल्या कक्षेतून आला ते काढलं. आमच्यापासून काही तासांवरच्या लोणारला असा कोणी पाहणारा नव्हता. बेसॉल्टमध्ये एक किलोमीटर आठशे मीटर व्यासाचं विवर पडलं, आणि ज्यांनी ते खूप नंतर पाहिलं त्यांनी लवणासुराची गोष्ट सांगितली, दैत्यसूदनाचं देऊळ बांधलं. ते देऊळ पाहिलं की मला कॅमेरा नसल्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

पण देवळाची गोष्ट आणि गावातला अपघात यांत फरक आहे. गावातल्या अपघातातली दोन्ही माणसं दुसऱ्या दिवशी बाजारात भेटतात.

आमच्यासारख्या गावात न पाहण्याचं एक जुनं शास्त्र आहे. बांधावरचं भांडण, कोणाच्या गाईने कोणाचं पीक खाल्लं, चौकात कोणाची गाडी कोणाला लागली, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि विचारलं की प्रत्येकाची पाठ नेमकी तेव्हाच वळलेली असते. याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. ज्यांच्या शेजारी जन्म काढायचा आहे त्यांच्याविरुद्ध बोट दाखवण्याआधी माणूस विचार करतो, आणि ‘माझं लक्ष नव्हतं’ या वाक्याने कितीतरी घरांतलं येणं-जाणं टिकवलं आहे. कायद्यानेही या संकोचाला जागा दिली. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने १३४ अ हे कलम आलं, आणि जखमीला मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची किंवा साक्षीला उभं राहायची सक्ती उरली नाही. मदत करून निघून जाता येतं. काचेवर लाल दिवा लुकलुकत असला की मात्र निघून गेलेल्याच्याही घरी लोक पोचतात.

माझ्या घरी ते दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी पोचले. अंधार पडताना मी दारव्ह्याकडे येत होतो. मागून एक मोटारसायकल मला ओलांडून गेली आणि पुढे कापसाने भरलेल्या बंडीला मागून धडकली. पोराचा पाय मोडला. बैल बिथरले, पण वाचले. आम्ही तिघा-चौघांनी त्याला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. रात्री जेवायच्या आधी मुलाचे वडील आले, ओळखीचेच. ते गेले नाहीत तोवर बंडीवाले काका आले, त्यांची नात आमच्या कॉलेजात शिकते. दोघांचं पहिलं वाक्य एकच: “सर, तुमच्यात आलं असंल ना?”

आलं होतं. माझ्या दिव्यांच्या उजेडात येईपर्यंत बंडी दिसतच नव्हती. मागे ना रिफ्लेक्टर, ना कंदील. पोराच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं आणि त्याचा वेग भलताच होता. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात जीपीएसवरून घेतलेला माझा वेगही ठळक लिहिलेला होता, त्याबद्दल कोणी विचारलं नाही. वडिलांना बंडी दिसते तिथून पुढचा तुकडा हवा होता, काकांना ओव्हरटेक सुरू होतो तिथपासून धडकेच्या आधीपर्यंतचा. मधल्या दारात उभी राहून ही हळूच म्हणाली, “कार्ड खराब झालं म्हणून सांगा ना.” सल्ला वाईट नव्हता. कार्डं खराब होतातच, सतत लिहून-पुसून त्यांचं आयुष्य संपतं, कोणालाही पटलं असतं. आणि काही दिवस गप्प बसलो असतो तर कॅमेऱ्याने स्वतःच ते पुसलं असतं. मी कार्ड काढून कपाटात ठेवलं, दुसरं घातलं आणि दोघांना दुसऱ्या दिवशी एकाच वेळी बोलावलं. पूर्ण फाइल, दोघांनी शेजारी बसून पाहायची, तुकडे नाहीत.

मधल्या वेळात ओळखीच्या वकिलांना फोन केला. ते हसले. म्हणाले, व्हिडिओ असणं वेगळं आणि कोर्टात चालणं वेगळं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमाप्रमाणे अशा नोंदीसोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं: एका भागावर यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची, आणि फाइलीचं हॅश मूल्य. किंवा मूळ यंत्र घेऊन मालकाने स्वतः पिंजऱ्यात उभं राहायचं आणि ‘हे माझं, यातलं चित्रण माझ्याच यंत्राने केलेलं’ असं सांगायचं. आधीच्या साक्ष्य कायद्यातल्या अशाच नियमाचा गाजलेला निकाल मराठवाड्यातला आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा हरलेले उमेदवार कैलास गोरंट्याल यांच्या बाजूचा आक्षेप होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातले कॅमेरे चालू होते. चित्रण सरकारी, कॅमेरा सरकारी, पण त्यावर ‘हे आमचंच’ अशी सही करून द्यायला वारंवार मागूनही कोणी तयार होईना. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२०च्या निकालात सांगितलं की प्रमाणपत्र लागतंच. मात्र सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही, तर मागणाऱ्याला त्याची शिक्षा नको. निवडणूक रद्द करण्याचा निकाल कायम राहिला.

मला या खटल्यात निवडणुकीपेक्षा ती न मिळालेली सही महत्त्वाची वाटते. घड्याळ चालू, कॅमेरा चालू, आणि माणूस मागे सरकलेला. आमच्या बैठकीच्या खोलीत त्या रात्री वेगळं काय चाललं होतं? लोक म्हणतात कॅमेरा साक्षीदार असतो. दीर्घकाळ त्याच्याबरोबर राहिल्यावर माझा अनुभव उलट आहे. तो मला साक्षीदार करतो. माझं लक्ष नव्हतं म्हणायची सोय त्याने काढून घेतली आणि बदल्यात बोलण्याचं धैर्य काही दिलं नाही. ते ज्याचं त्याने आणायचं.

दुसऱ्या दिवशी दोघे आले. हिने चहा केला. फाइल एकदा पाहिली, मग काकांनी पुन्हा लावायला सांगितली, मग वडिलांनी. तिसऱ्यांदा पाहताना काका म्हणाले, “बंडी दिसूनच नाही राह्यली ना जी.” थोड्या वेळाने वडील म्हणाले, “पोट्टंही लय जोरात हाय.” प्रकरण दवाखान्याच्या बिलावर आणि मोडलेल्या जुवाच्या खर्चावर मिटलं. हिशेब त्यांनी माझ्यासमोर केला नाही, मीही विचारला नाही. फाइल दोघांनाही दिली. माझ्या अंदाजाने दोघांनीही ती पुन्हा उघडली नसावी.

त्यानंतर लोकांची माझ्याशी बोलण्याची पद्धत जराशी बदलली. चौकात उलट्या बाजूने येणारे एक-दोन ओळखीचे माझी गाडी दिसली की हसून हात जोडतात. पोलीस ठाण्यातल्या एका भल्या माणसाने चोरीच्या गाडीचा नंबर कुठे दिसतो का म्हणून विचारलं होतं. रात्रीच्या उजेडात पाटीवरचे आकडे पांढरे पडतात, दिसला नाही. एका मित्राने त्याच्या भाडेकरूच्या येण्या-जाण्यावर लक्ष ठेवायला माझी गाडी त्याच्या दारासमोर लावण्याची सूचना केली. त्याला मी नाही म्हटलं. पार्किंग मोडमध्ये गाडीची बॅटरी उतरते, असं कारण दिलं. ते खरंही आहे.

बंडीवाल्या काकांनी मागे लाल रिफ्लेक्टर लावले आहेत, माझ्या गाडीपुढे आले की मुद्दाम मागे वळून ते दाखवतात. यंदाच्या पोळ्याला त्यांची जोडी मी रस्त्यावर पाहिली होती: झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा, आणि माझी गाडी मिरवणुकीमागे अडकून गोगलगायीसारखी पुढे सरकत होती. आठवड्याने ते घरी आले. यावेळी भांडण नव्हतं, मुलगा पुण्याला असतो, त्याला जोडी दाखवायची होती. “सर, आमचे बैल आले असन ना तुमच्या कॅमेऱ्यात?”

आले होते, पण एव्हाना त्यांच्यावर यवतमाळ रोड लिहिला गेला होता. हिसका बसला नाही, म्हणून कुलूप लागलं नाही, असं मी समजावून सांगितलं. धक्का बसला तरच हा ठेवतो, बाकीचं पुसतो. काकांनी नीट ऐकून घेतलं.

“त मंग कायले लावला सर थो?”