न ऐकलेली शिट्टी

आमची पिकअप डबल केबिनची. पुढं पाच माणसं आणि मागं द्राक्षाचे क्रेट. घेतली तेव्हा तिच्यात कंपनीचा टेप होता आणि दोन दारांत दोन स्पीकर. मला त्यात काही कमी वाटत नव्हतं. तासगावच्या मार्केटला जाता-येता भजन लागायचं, सकाळी सांगली आकाशवाणीवर शेतीचं काही असलं तर ते ऐकायचं. माणसाला आणखी काय लागतं?

धाकट्याचं तसं नव्हतं. त्यानं आयटीआय केलं, वायरमनचा दाखला घेतला आणि सांगलीत गाड्यांना टेप बसवणाऱ्या दुकानात कामाला लागला. दोन वर्षांत त्याला असलं शिक्षण लागलं की आमच्या गाडीत बसला की तोंड वाकडं करायचा. मी टेप चालू केला की हात पुढं करून आवाज कमी करायचा, मी परत वाढवायचा. टेपवर आकडा दिसतो, तो माझ्या वेळी 32 असायचा. त्याच्या पुढं आकडाच नव्हता.

"आण्णा, फाटतंय ते. गाणं न्हाय, पत्रा वाजतोय."

"मला तर बरं ऐकू येतंय," मी म्हणायचा.

आज लिहिताना हे वाक्य माझं मलाच खुपतं.

दिवाळीला तो चार दिवस रजा काढून आला, ते सामान घेऊनच. ॲम्प्लिफायर, एक चपटी डबी, वायरचं भेंडोळं, नवे स्पीकर, आठ इंची वूफर. सगळं मिळून 28,000 रुपयांचं. त्यातले निम्मे त्याचे, निम्मे माझ्याकडून काढायचा बेत. मी बोललो, तोही बोलला. शेवटी कारभारीण म्हणाली, "लेकरू सणाला आलंय, करू द्या की." मग गाडी लिंबाखाली उभी केली आणि मी शेजारी बाज टाकून बसलो. राग होता, पण हातातलं काम बघायला मला लहानपणापासून आवडतं. 1977 साली दहावी झालो तेव्हा मलाही आयटीआयला जायचं होतं. विहिरीवरचं इंजन कोण बघणार म्हणून राहिलं.

धाकटा काम करता करता सांगत होता. कंपनीच्या टेपच्या पोटात आवाज वाढवणारी एक बोटाएवढी चिप असते. गाडीची वीज बारा व्होल्टची, इंजन चालू असलं की चौदा. तेवढ्या दाबावर ती चिप एका स्पीकरला खरे वीसेक वॅट देऊ शकते. खोक्यावर पन्नास लिहिलेलं असतं ते क्षणभराचं. त्यापुढं पीळ दिला की आवाजाच्या लाटेचा माथाच कापला जातो. मी म्हटलं, "म्हणजे शेंडा मारल्यासारखं." तो हसला. "तसंच. पण वेलीचा शेंडा मारला की बगलफूट येते, इथं नुसता कर्कशपणा येतो. बारका स्पीकर जळतो ते वेगळंच."

ॲम्प्लिफायर काय करतो, तर बारा व्होल्ट आत घेऊन आधी त्याचा दाब पंचवीस-तीस व्होल्टपर्यंत चढवतो, मग स्पीकर हलवतो. मला वाटलं, ताकद दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट. तसं नाही. वॅट दुप्पट केले तर तीन डेसिबल वाढतात, कानाला जरासा फरक कळतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. मग एवढा खटाटोप कशाला? "आवाज मोठा करायला न्हाय आण्णा. आहे तो न फाटता यावा म्हणून."

वायर सोलताना त्यानं एक तार ब्लेडनं खरवडून दाखवली. आतून लाल. "स्वस्तातली खरवडली की पांढरी निघते. आत ॲल्युमिनिअम, वर तांब्याचा मुलामा." बॅटरीपासून वीतभर अंतरावर चाळीस अँपिअरचा फ्यूज बसवला. वायर मागं जाताना कुठं पत्र्याला घासली आणि सोलली, तर फ्यूज उडावा, गाडी पेटू नये. मोटरच्या पेटीत फ्यूजच्या जागी तार गुंडाळून वर्षानुवर्षं पाणी पाजलेला माणूस मी. गप्प ऐकून घेतलं.

संध्याकाळी पहिल्यांदा चालू केलं. त्यानं इंजनाची रेस वाढवली, कमी केली, आणि कपाळाला हात लावला.

"शिट्टी येतीया. रेस वाढली की वाढतीया. ऐकू येतीया का?"

"हां, येतीया की," मी म्हटलं.

खरं म्हणजे मला शिट्टी ऐकू आली नव्हती. पण दहा वर्षांत मला एक सवय लागली होती. कोणी काही विचारलं आणि कळलं नाही की तोंडाकडं बघून 'हां हां' म्हणायचं. निम्म्या वेळा जमून जायचं. त्या संध्याकाळीही जमलं. धाकट्यानं अर्थिंगचा बोल्ट काढला, खालचा रंग घासून चकचकीत पत्रा उघडा केला, परत आवळला. आवाजाची वायर विजेच्या वायरपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या अंगानं नेली. शिट्टी गेली म्हणाला. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती चपटी डबी. तिला तो डीएसपी म्हणत होता. कंपनीचा टेप तसाच ठेवून त्याच्या स्पीकरच्या तारा या डबीत घातल्या. डबीचं काम वाटपाचं. मला ते पाण्याच्या वाटपासारखं वाटलं. पाटाचं पाणी आलं की दारं मोडून कुठल्या वाफ्याला किती ते आपण ठरवतो, तसं. 80 हर्ट्झच्या खालचा जाड आवाज सीटखालच्या वूफरला. वरचा दारांना. दारातला सगळ्यात बारीक आवाज वेगळा काढून काचेजवळच्या चिमुकल्या ट्वीटरला.

मग त्यानं मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि टेपपट्टी घेऊन कानापासून दोन्ही दारांचं अंतर मोजलं. उजवं दार 80 सेंटिमीटर, डावं 130. आवाज सेकंदाला 345 मीटर जातो, म्हणजे पन्नास सेंटिमीटरला दीड मिलिसेकंद. तेवढा वेळ उजव्या स्पीकरला थांबवलं. दोन्हीकडचा आवाज कानाशी एकदम पोचला की गाणारा माणूस दारात न बसता समोर काचेच्या मध्यावर येऊन बसतो म्हणे. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशेब! आम्ही लाइटची वाट बघत रात्र रात्र विहिरीवर बसलेली माणसं.

शेवटचं काम म्हणजे एक आवाज लावायचा, जो अगदी जाड घुमण्यापासून सुरू होऊन चढत चढत बारीक होत जातो. त्यात दारातलं कुठलं प्लास्टिक थरथरतं ते कळतं. मी ड्रायव्हरच्या जागी, शेजारी सात वर्षांचा नातू, मागं धाकटा लॅपटॉप मांडीवर घेऊन. आवाज घुमत चालू झाला, चढत गेला, भिंगरीसारखा झाला आणि थांबला.

"बंद का केलंस रं?" मी विचारलं.

कोणी बोललं नाही. मी शेजारी बघितलं. नातवानं दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले होते आणि डोळे मिटले होते.

"बंद न्हाय केलं, आण्णा," धाकटा म्हणाला. "चालूच हाय."

त्यानं परत सुरुवातीपासून लावलं. मी हात वर केला तेव्हा आकडा तीन हजारांच्या थोडा पुढं होता. मग फक्त उजवं दार, मग फक्त डावं. डाव्या बाजूला त्याच्याही आधी हात वर गेला. नातवाला गंमत वाटली. "आबा, एवढी मोठी शिट्टी! कुत्रं बी पळून गेलं बघा." कुत्रं खरंच लिंबाखालून उठून गोठ्यात गेलं होतं.

धाकट्यानं लॅपटॉप मिटला. त्या दिवशी पुढचं काम झालं नाही.

रात्री झोप लागली नाही. पहिल्यांदा आठवलं ते विहिरीवरचं पाच अश्वशक्तीचं ऑईल इंजन. पंधराव्या वर्षापासून त्याच्या शेजारी घोंगडं टाकून झोपलोय. इंजन बंद पडलं की जाग यायची. नंतर बाग केली, आणि बागेबरोबर ट्रॅक्टर आणि ब्लोअर आला. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की मणी फुगेपर्यंत फवारणी काही सुटत नाही. पाऊस पडला, धुकं आलं की डावणी येते, मग पहाटे उठून ब्लोअर चालू. मागं तो पंखा भणाणत असतो, पुढं इंजन, आणि नोझल चालतात का बघायला मान उजवीकडं वळवून मागं बघायचं. म्हणजे डावा कान इंजनाकडं. पंचवीस हंगाम तो कान तसाच धरला.

आणि मग ते आठवलं जे आठवायला नको होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. विरळणी चालू होती. मी ट्रॅक्टर मागं घेत होतो. कारभारीण मागं क्रेटवर बसून पायातला काटा काढत होती, मला दिसली नाही. ती ओरडली. आवाज मला आला, शब्द कळला नाही. 'आंबा' असं काहीतरी ऐकू आलं. जानेवारीत कसला आंबा, म्हणून मी मागं घेतच राहिलो. मग क्रेट चाकाखाली मोडल्याचा धक्का बसला. ती वेळेवर बाजूला पडली म्हणून वाचली. खाली उतरलो आणि काय केलं? तिच्यावरच ओरडलो. बायकामाणसांसमोर. "मोठ्यानं बोलायला तोंड नव्हतं का?" ती काही बोलली नाही. आठ दिवस बोलली नाही.

तिनं 'थांबा' म्हटलं होतं. चांगलं मोठ्यानं म्हटलं होतं. विरळणीच्या बायकांनी चार ओळींपलीकडं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी धाकट्यानं एक प्रयोग केला. डबीतून डाव्या बाजूचा बारीक आवाज वाढवला. मला भजनातले टाळ ऐकू आले. टाळ! कितीतरी वर्षांत मला वाटत होतं की आताचे लोक टाळ हळू वाजवतात. पण मागच्या सीटवर थोरली सून बसली होती, तिनं कान झाकले. तिला पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटत होतं. धाकट्यानं सगळं पहिल्यासारखं सारखं करून ठेवलं. "गाडीत वाढवून उपयोग न्हाय, आण्णा. घरात माणसं बोलत्यात, ती काय स्पीकरमधनं बोलत्यात व्हय? कानाशीच वाढवाय पायजे."

मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. काचेच्या बंद खोलीत बसवून त्यांनी तेच केलं जे पोरानं लिंबाखाली केलं होतं, फक्त नीट मोजून. कागदावरची रेघ हजारापर्यंत बऱ्यापैकी सपाट होती, मग विहिरीत उडी टाकावी तशी खाली. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात, सततच्या दणक्यानं त्या मरतात. मेलेल्या परत उगवत नाहीत. आधी बारीक आवाजाच्या जातात. आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ जाड असतात, ते राहतात. स, श, थ, फ हे बारीक, ते जातात. म्हणून ऐकू येतं, पण कळत नाही.

दोन्ही कानांची यंत्रं 52,000 रुपयांची. त्या साली बेमोसमी पावसानं मणी तडकले होते, बँकेचा हप्ता डोक्यावर होता. मी म्हटलं, पुढच्या हंगामाला बघू. घरी आल्यावर कारभारणीनं कपाटातनं डेअरीच्या दुधाचे साठलेले पैसे काढले आणि धाकट्याच्या हातात दिले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेव्हा मी तिला त्या क्रेटच्या दिवसाचं बोललो. चुकलं म्हणालो. ती म्हणाली, "मला म्हाईत हुतं, तुमास्नी ऐकू येत न्हाय. सांगून ऐकलं असतं का तुमी?" हे मात्र खरं होतं.

यंत्र बसवायच्या दिवशी संगणकाच्या पडद्यावर धाकटा वाकून बघायला लागला आणि हसायलाच लागला. "आण्णा, ही तर आपलीच डबी!" खरंच तसं होतं. एक माइक, एक ॲम्प्लिफायर, आणि आवाजाचे वाफे पाडून ज्याला कमी त्याला जास्त पाणी देणारी डबी. सगळं शेंगदाण्याएवढ्या जागेत. मोठा आवाज आला की ते आपोआप आवरतं, एवढं जास्तीचं.

पहिले पंधरा दिवस नको वाटलं. चपला, भांडी, कागद, सगळं कडकडत होतं. मग सवय झाली. आता पिकअपच्या टेपवर आकडा 14 असतो आणि गाणारा खरंच काचेच्या मध्यावर बसलेला असतो.

गेलेलं परत आलं नाही, ते येत नाही. लग्नाच्या मांडवात चार माणसं एकदम बोलली की अजून घोटाळा होतो. पण नवीन पोरांना मी एक हिशेब सांगतो, तो मला धाकट्यानं सांगितला. 85 डेसिबलला आठ तास कान टिकतो. तिथून दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. 100 डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. आमच्या ब्लोअरच्या सीटवर मोबाइल धरून मोजलं तर 95 च्या वर दाखवलं. आता ट्रॅक्टरच्या हँडलला कानावर लावायची टोपणं टांगलेली असतात. थोरला ती न लावता बसला तर मी ट्रॅक्टर चालू करू देत नाही. औषधाचा मास्क विसरलास तरी चालणार नाही, आणि हेही नाही.

परवा जेवताना मी नातवाला भाकरी मागितली तर कारभारीण म्हणाली, "वरडू नका, आमास्नी ऐकू येतंय."

मी ऐकलं. शब्द न् शब्द.