चाक सपाटीवर, हात उतारावर

वीरहून निघालेला नीरा डावा कालवा पुरंदरातून बारामतीकडे आणि पुढे इंदापूरकडे जातो. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात हा कालवा झाला. १९२८ साली भाटघरचे दगडी धरण पुरे झाले आणि त्याच्या पाण्याला भरवसा आला. नोकरीच्या निमित्ताने या कालव्याच्या कडेने मोटारसायकलवरून मी किती वेळा गेलो, त्याचा हिशेब नाही. खालच्या अंगाला ऊस, वरच्या अंगाला कुसळी गवताचा माळ. मध्ये फक्त एक पाण्याची रेघ!

पण शेतकरी बंधु-भगिनींनो, मोठा कालवा सगळ्यांना दिसतो. शेतात पाणी आणते ती चारी. इंदापूरच्या बाजूला अशाच एका चारीच्या शेपटाला मी परवा गेलो होतो. चारी दीड मीटर खोल, दोन्ही काठ उभट. त्यावर बेशरम, वेडी बाभूळ, घाणेरी, एरंड आणि तळाशी पानकणीस. अशा झाडोऱ्याने पाणी अडखळते. चारीचा खडबडीतपणा दुप्पट झाला, की त्याच खोलीला पाणी निम्मेच वाहते. वरच्या शेतकऱ्याला वाटते, चारी तुडुंब चालली आहे. शेपटाकडचा मात्र रात्रभर बॅटरी घेऊन बसून राहतो. तिथल्या एका आजींनी मला मागे ऐकवले होते, "साहेब, पाळी माझी असते, अन् पाणी बेशरमीचं."

मग हे साफ का करीत नाहीत? करतात की! कोयत्याने करतात. एक पाय वर, एक पाय खाली असे दिवसभर उतारावर उभे राहायचे, हाताखाली काय वळवळेल त्याचा नेम नाही. या कामाला आता मजूर मिळत नाहीत, आणि त्यांना दोषही देता येत नाही. तणनाशक मारावे, तर त्याच चारीवर गुरे पाणी पितात. जेसीबी लावावा, तर तो गवत मुळासकट आणि काठासकट उचलतो. आपली काळी माती. वरचे गवत गेले, की दोन आवर्तनांत काठ ढासळून चारीत बसतो. हराळीची मुळे काठ धरून ठेवतात. ती राहिलीच पाहिजेत. झाडांचे मात्र उलटे आहे. मोठ्या झाडाचे मूळ कुजले, की भरावात पोकळी राहते आणि तिथूनच गळती लागते. म्हणून बाभळीचे रोप बोटाएवढे असतानाच कापावे.

म्हणजे कापणी हवी, पण उपटणी नको. आणि माणूस उतारावर नको. या कोड्याचे उत्तर मला रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पाहायला मिळाले.

तिथले मिस्त्री तरुणपणी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकले. ते उजव्या पायाने लंगडतात. त्या पायाची गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यात मी आहे.

२०१६ सालचा पावसाळा होता. मिस्त्री आपल्याच ट्रॅक्टरला मागे गवत कापायचे यंत्र जोडून चारीच्या काठावरून चालले होते. मी वर उभा होतो. "अजून थोडं खाली घ्या, मुळाशी गवत राहतंय," हे शब्द माझेच. त्यांनी चाक खाली घेतले. ओली काळी माती चाकाखालून साबणासारखी सरकली आणि ट्रॅक्टर कलंडला. दहा-बारा जणांनी तो उचलेपर्यंत मिस्त्रींचा पाय खाली होता. जीव वाचला, पाय पूर्वीसारखा झाला नाही. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. वहिनीही बोलल्या नाहीत. मी गेलो की स्वतःच्या हाताने चहा आणून देतात. तो चहा घशाखाली उतरायला अजून जड जातो.

चार महिने ते खाटेवर होते. उठल्यावर मला म्हणाले, "साहेब, विळा धरणारा माणूस विळ्याच्या पात्यावर बसतो का? मग ट्रॅक्टर उतारावर कशाला? हात उतारावर जाऊ द्या."

इंग्लंडात कुंपणे आणि चर कापायला ट्रॅक्टरवर असा लोखंडी हात बसवण्याची पद्धत १९४० च्या दशकाअखेरपासून आहे. मिस्त्रींनी तिचे चित्र पाहिले होते. भंगार बाजारातून त्यांनी जुने हायड्रॉलिक जॅक आणले, चौकोनी पोलादी पाइपांचा खांदा आणि कोपर असलेला चार मीटरचा हात केला. तो मागच्या लिफ्टला नुसता अडकवून भागत नाही, तो डोलतो. म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या आसापर्यंत पक्के ताण दिले. कापणीचे डोके फिरवायला ट्रॅक्टरचा स्वतःचा पंप अपुरा पडतो. त्यासाठी पी.टी.ओ.वर गिअरबॉक्स लावून वेगळा तेलपंप आणि तेलाची वेगळी टाकी बसवली. हात खांबाला थडकला, तर तो मोडण्याआधी मागे वळावा म्हणून सांध्यात मुद्दाम कच्चा बोल्ट ठेवला. आधी बोल्ट तुटतो, हात वाचतो.

आता वजनाचे गणित. शंभर किलोचे डोके चार मीटरवर धरले, की एक मीटरवर चारशे किलो टांगल्यासारखे होते. भरली घागर छातीशी धरून आणि मग हात लांब करून पाहा, म्हणजे कळेल. म्हणून मिस्त्रींनी पलीकडच्या बाजूला वजन बांधले, त्या बाजूच्या टायरमध्ये पाणी भरले आणि मागची चाके शक्य तितकी रुंद लावली. चालकाच्या डोक्यावर पोलादी कमान आणि कमरेला पट्टा, हे तर त्यांनी सर्वांत आधी केले.

तरीही पहिली चाचणी फसली. पाती ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांची होती आणि दांड्याला वेल्डिंगने पक्की जोडलेली. गवतात लपलेला दगड लागला, पाते तुटून उडाले आणि पलीकडच्या कडुलिंबाच्या खोडात छातीएवढ्या उंचीवर रुतले. खोडाजवळ माणूस नव्हते, हे नशीब. कडक पोलादाला वेल्डिंग केले, की सांध्याशी ते ठिसूळ होते, हा त्यातला धडा. आता पाती बिजागरीसारख्या पिनेवर लोंबती आहेत. दांडा फिरला की ती ताठ होतात, दगड लागला की मागे दुमडतात. डोक्यावर जाड पत्रा आणि पुढेमागे साखळ्यांचा पडदा आहे. यंत्र चालू असताना पन्नास मीटरच्या आत मिस्त्री कुणाला येऊ देत नाहीत. पोराबाळांना तर नाहीच.

परवा मी ते यंत्र चालताना पाहिले. आवर्तन संपून काठ वाळला होता. ट्रॅक्टर चारीकडेच्या सपाट वाटेवरून, काठापासून चारीच्या खोलीइतके, म्हणजे दीड मीटर अंतर राखून, बैलगाडीच्या चालीने निघाला. हात उतारावरून खाली गेला आणि बेशरमीची दाटी भुगा होऊन पडू लागली. मातीपासून वीतभर उंच कापायचे, म्हणजे पाती माती खात नाहीत आणि गवत जगते. मागून माणसे, पण यंत्र पुढे निघून गेल्यावर, दाताळ्याने पाला बाहेर ओढत होती. हे काम टाळू नये. पाला मोरीत अडकतो आणि बेशरमीचा तुकडा ओलीला पडला की पुन्हा फुटतो. बाहेर काढून उन्हात पक्का वाळवावा. आणि एका कापणीने भागत नाही. फुटवे आले की पुन्हा कापावे लागते.

असे यंत्र गावोगावी प्रत्येकाने करावे, असे मी म्हणणार नाही. ज्याला हायड्रॉलिकचे काम पक्के येते, त्याच्याकडूनच ते करून घ्यावे, आणि चारीवरच्या सर्वांनी मिळून करावे. आपल्या राज्यात २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना कायदेशीर आधार मिळाला आहे. पाण्यात वाटा मागणाऱ्याने साफसफाईतही वाटा उचलला पाहिजे. मात्र कुणीही, कितीही घाई असली, तरी ट्रॅक्टरचे चाक उतारावर घालू नये. आणि काठावर उभ्या माणसाने, तो साहेब असला तरी, "अजून थोडं खाली" असे म्हणू नये. म्हटलेच, तर चालकाने ऐकू नये.

पुढच्या पाळीला आजींच्या बांधावर पाणी पोहोचले. त्यांचा निरोप आला, "यंदा पाळीही माझी, अन् पाणीही माझं." मी तो निरोप घेऊन शेडवर गेलो. मिस्त्री ऐकून हसले आणि पाना उचलून कामाला लागले. वहिनींनी चहा आणला. त्या दिवशी मी तो सावकाश, पुरा प्यालो.