वाट बघणारा हब

मायक्रोचिपचा यूएसबी२५१४बी हा चार पोर्टांचा हब. त्याच्या पिना एसएमबससाठी बांधल्या असतील तर पॉवर दिल्यावर तो यूएसबीवर दिसतच नाही. हेक्समधल्या २सी या पत्त्यावर कोणीतरी येऊन सेटिंग सांगेल म्हणून गप्प बसून राहतो. टाइमआउट वगैरे भानगडच नाही!

आमच्या नव्या बोर्डावर हेच झालं. "चिप मेलीय, सगळ्या बदलू" असं हार्डवेअरवाल्यांचं ठरतच आलं होतं. म्हणजे पंचवीस बोर्डांवरच्या चिपा उखडायच्या. मला काही ते पटेना, कारण पत्ता पुकारला की हब ओ देत होता. मेलेला ओ कसा देईल हो?

गोम अशी. साध्या आयटूसीत आधी रजिस्टरचा नंबर, मग लगेच डेटा. एसएमबसच्या ब्लॉक राइटमध्ये या दोघांच्या मधे अजून एक बाइट लागतो: पुढे किती बाइट येणार तो आकडा. आम्हाला मिळालेल्या सॅम्पल कोडमध्ये तो नव्हताच, त्यामुळे हब बिचारा डेटालाच आकडा समजत होता.

आकडा घातला, सेटिंग लिहिली. सगळ्यात शेवटी एफएफ रजिस्टरमध्ये १. हा शेवटीच लिहायचा बरं का, कारण तो लिहिला की बाकीच्या रजिस्टरांना कुलूप लागतं, ते थेट रीसेटपर्यंत.

शनिवारी दुपारी लिनक्सच्या यादीत ०४२४:२५१४ उमटलं. पंचवीस चिपा जागच्या जागी आहेत.