राजपुरीची शिडाची होडी

मुरूडजवळच्या राजपुरी बंदरातून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. ‘जंजिरा’ हे नाव अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट या शब्दावरून आले. प्रवाशांचे लक्ष किल्ल्याकडे असते. आम्ही या खेपेस मुलांना होडीच नीट दाखवायचे ठरवले.

होडीचे पुढचे निमुळते टोक म्हणजे नाळ. ती लाट कापते. तळाशी नाळेपासून मागपर्यंत गेलेले जाड लाकूड हा होडीचा कणा. बाजूने वारा लोटू लागला की हा कणा पाण्याला अडतो आणि होडीला आडवी वाहू देत नाही. म्हणून बाजूच्या वाऱ्यावरही ती पुढे सरकते. समोरून वारा असेल तर तांडेल तिला नागमोडी नेतो.

मधोमध उभी ती डोलकाठी, आपल्या उर्दूत मस्तूल. कप्पीतून ओवलेली दोरी ओढून तिच्यावर एक लांब, तिरकी काठी चढवतात. त्या काठीला तिकोनी शीड, म्हणजे बादबान, बांधलेले असते. अरबी समुद्रातल्या जुन्या गलबतांची शिडेही याच धर्तीची. मागे सुकाणू, हा शब्द अरबी ‘सुक्कान’चा. त्याचा दांडा डावीकडे ढकलला की नाळ उजवीकडे वळते.

शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला एक दोरी असते. ती ताणली की शीड आत येते, सैल सोडली की बाहेर जाते. खलाशी ती हातातच धरून बसला होता.

“चाचा, ही बांधून का टाकत नाही?” मुलांनी विचारले.

“बेटा, एकदम जोराचा वारा आला तर गाठ सोडायला वेळ कुठला? हातातली दोरी सोडली की शिडातला वारा निघून जातो, होडी सावरते. बांधलेली असली तर उलटेल.”

आमच्या वर्गात कोकणातल्या दर्यावर्दी घराण्यांतली मुले आहेत. कोणाचे आजोबा गलबतावर होते, कोणाचे वडील आज मोठ्या जहाजावर आहेत. पण मुलांना इंजिन ठाऊक, शीड नाही. ही नावे पुस्तकांपेक्षा म्हाताऱ्यांच्या तोंडी जास्त आहेत, आणि गावागणिक ती बदलतात. तुमच्या घरी असे कोणी बुजुर्ग असतील तर मुलांना वही घेऊन त्यांच्याजवळ बसवा. होडीचे चित्र काढायला सांगा आणि प्रत्येक भागापुढे आजोबांच्या बोलीतले नाव लिहून घ्या. हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.