श्रोत्यांवाचून मैफल

ऑक्टोबर १९७१ मध्ये पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड पॉम्पेईच्या प्राचीन ॲम्फीथिएटरमध्ये वाजवत होता तेव्हा समोर एकही श्रोता नव्हता. दिग्दर्शक ॲड्रियन माबेन यांची कल्पनाच तशी होती. वादकांचा आग्रहही लक्षात घेण्याजोगा : आधी मुद्रित केलेल्या संगीतावर नुसते हात हलवायचे नाहीत, खरोखर वाजवायचे. त्यासाठी लागणारी वीज लांबवरून केबल टाकून आणावी लागली. 'लाइव्ह ॲट पॉम्पेई' १९७२ साली पडद्यावर आला.

भग्न वास्तूत गाणे चित्रित करणे आपल्याला नवे नाही. हिंदी चित्रपटांतले कितीतरी बुरूज नायिकेच्या ओढणीपुरतेच उभे असतात. येथे मात्र 'एकोज'च्या आरंभी कॅमेरा दुरून, अतिशय सावकाश पुढे सरकतो. वादक लहान दिसतात, पायऱ्या मोठ्या. इसवी सनाच्या ५९व्या वर्षी याच पायऱ्यांवर पॉम्पेई आणि नुकेरियाच्या प्रेक्षकांत रक्तपात झाला आणि रोमच्या सिनेटने तेथील खेळांवर दहा वर्षांची बंदी घातली. पुढे ७९ साली व्हेसुव्हियसची राख आली. एवढे ठाऊक असले की रिकामी आसने नेपथ्य राहत नाहीत.

चित्रपटाचा काही भाग पुढे पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित झाला, हे सांगितले पाहिजे. तो भाग आम्हांस उणा वाटतो. तेथे अंधार आहे. ऊन, धूळ आणि लांबणाऱ्या सावल्या नाहीत.

आम्ही नगरचे. शहराच्या पूर्वेस डोंगरावर सलाबतखानाची अष्टकोनी कबर आहे. तिला सारे चांदबीबीचा महाल म्हणतात. चांदबीबीचे नाव आम्हांसही प्रिय आहे, पण निजामशाहीच्या या मंत्र्याला त्याच्याच कबरीतून आपण किती सहज बाहेर काढले! दगड मुका असणे आपल्याला सोसत नाही. ओळखीची एखादी कथा त्याच्या तोंडी घातल्यावाचून चैन पडत नाही. माबेन यांनी तो मुकेपणा तसाच राहू दिला. बँडही पॉम्पेईविषयी काही सांगत नाही, केवळ वाजवतो. आणि वाद्ये थांबतात तेव्हा पायऱ्या पूर्वीइतक्याच अनोळखी असतात.

जुलै २०१६ मध्ये डेव्हिड गिल्मर तेथे परत गेला. या खेपेस तिकिटे होती, दिव्यांची रोषणाई होती, रिंगणात श्रोते उभे होते. वादन सुरेख आहे. पायऱ्यांकडे मात्र आमचे फारसे लक्ष गेले नाही.