तळाशी पाणी

१.
छत्रपती संभाजीनगरच्या बऱ्याच वस्त्यांत कित्येक वर्षं नळ रोज येत नाही. कुठे चौथ्या दिवशी, कुठे आठव्या. धुणं, पाहुणे, लग्नाची तारीखसुद्धा त्या हिशेबाने ठरते. गच्चीवरच्या टोमॅटोला मात्र मे महिन्यात रोज पाणी लागतं.

२.
त्यासाठी एका बादलीत दोन मजले करायचे. खाली पाणी, वर माती, मधे भोकं पाडलेली चकती.

रंगाची २० लिटरची रिकामी बादली भंगारवाल्याकडे मिळते. तिच्याच झाकणाची चकती कापायची आणि पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांवर टेकवायची. चकतीच्या मध्यात एक भोकाभोकांचा डबा बसवायचा, दह्याचा चालतो. तो मातीने गच्च भरून पाण्यात उतरवायचा. हा मातीचा पाय. याच्यातूनच पाणी वर चढतं. कडेने इंचाची नळी उभी करायची, पाणी भरायला. तिचं खालचं टोक तिरकं कापायचं, म्हणजे ती तळाला चिकटून बंद होत नाही. शेवटी बादलीच्या बाजूला, चकतीच्या बोटभर खाली, एक भोक. जास्तीचं पाणी तिथून बाहेर पडतं.

सगळ्यात महत्त्वाचं ते शेवटचं भोक. ते नसेल तर पाणी चकतीच्या वर चढतं, मुळांना हवा मिळत नाही आणि पाण्यात उभं असलेलं झाड सुकू लागतं.

३.
शहराला पाणी देणाऱ्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते. त्याच्या जलाशयाची, नाथसागराची, एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी, त्यातला २६ टीएमसी मृतसाठा. २०१९च्या उन्हाळ्यात जिवंत साठा संपला आणि शहर मृतसाठ्यावर आलं.

बादलीतही मृतसाठा असतो. मातीचा पाय तळापासून दोन बोटं वर राहिला, तर तेवढं पाणी झाडाला कधीच मिळत नाही. पाय तळाला टेकवा.

४.
पाणचक्कीचा मोठा हौद पाहायला सगळे थांबतात. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. वर पाणी, खाली माणसं, आणि भर उन्हाळ्यात दालन थंड. दोन मजल्यांचा हा विचार या शहरात जुना आहे.

५.
हिशेब. फळांवर आलेलं टोमॅटोचं मोठं झाड मेच्या उन्हात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज पितं. आठ दिवसांची गॅप असेल तर २० लिटर हवेत. २० लिटरच्या बादलीच्या तळमजल्यात जेमतेम सहा-सात लिटर मावतात.

म्हणून आठ दिवसांच्या वस्तीत टोमॅटोसाठी बादली पुरत नाही. २०० लिटरचा निळा ड्रम आडवा ठेवून लांबीत दोन भाग करावेत. अर्ध्या ड्रमच्या तळात २५ लिटर ठेवता येतात, आणि त्यात एकच टोमॅटो लावायचा. बादलीत पालक, पुदिना, मेथी.

आधी आपल्या गल्लीतली गॅप मोजावी, मग डबा निवडावा. बांधायच्या कृती सांगणारे बहुतेक जण हे सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे नळ रोज येतो.

६.
कोरफड आणि निवडुंग अशा बादलीत किंवा ड्रममध्ये लावू नका.

७.
मातीखालून पाणी देण्याची कल्पना जुनी आहे. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात फान शंगची याने शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात पाण्याने भरलेलं मातीचं भांडं जमिनीत पुरून भोवती वेल लावायची पद्धत आहे. १९७०च्या दशकात हरियाणात कर्नालच्या मृद क्षारता संशोधन संस्थेत आर. सी. मंडल यांनी याच मडक्यांवर काम केलं, तेही खारवट जमिनीसाठी.

यातली खुबी अशी की मडकं स्वतः पाणी देत नाही. माती कोरडी झाली की ती मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढते. माती ओली असली की ओढ कमी होते आणि झिरपणंही मंदावतं. माणसाला ठरवावं लागत नाही.

८.
उन्हाळा संपला की घरोघरी माठ अडगळीत जातो. तो मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरून तोंडावर बशी ठेवली, तर बादली, चकती, नळी काहीच लागत नाही. पुरण्याआधी एक परीक्षा करावी. माठ रात्री भरून ठेवायचा. सकाळी बाहेरून ओलसर लागला तर कामाचा. कोरडाच राहिला तर त्याची छिद्रं क्षारांनी बुजली आहेत. असा माठ पाणीही थंड करत नसतो.

९.
वैशाखात तुळशीवर गळती बांधायची रीत. भांड्याच्या तळाला बारीक भोक, त्यात दर्भ किंवा कापसाची वात, आणि दिवसभर थेंब थेंब. वेरूळला घृष्णेश्वराच्या पिंडीवरही पाणी थेंबानेच पडतं.

घरातल्या बायकांनी ही सोय शेकडो वर्षं चालवली. त्यांना कोणी पाणीतज्ज्ञ म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

१०.
मराठवाड्याची काळी माती नुसती भरू नये. ओली झाली की ती घट्ट बसते, हवा कोंडते. सुकली की कडेने सुटून भेगा पडतात आणि पाण्याचा दुवा तुटतो. उलट नुसती जाड वाळू भरली तर पाणी चार बोटंही चढत नाही. कोकोपीट, गांडूळखत आणि गाळाची पोयटा माती हे मिश्रण चांगलं. त्यात काळी माती मूठभर असावी.

पहिलं पाणी वरूनच द्यायचं, सगळी माती भिजेपर्यंत. कोरड्या मातीत खालचं पाणी चढायला सुरुवातच होत नाही.

११.
डासांबद्दल. डेंगी पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे जवळजवळ आपल्या नळाच्या दोन पाळ्यांमधलं अंतर.

पाणी झाकलेलं आहे एवढ्यावर विसंबू नये. डासाला वरची नळीही पुरते आणि बाजूचं भोकही. नळीला टोपण, भोकाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा. हे दोन्ही करायचं नसेल तर ही बादली बांधूच नये. मी हे पूर्ण विचार करून लिहितो आहे. पालक विकत मिळतो.

१२.
२०१९ साली याच शहरातल्या मुकुंदवाडीची लहान मुलं रेल्वेने जाऊन पाणी भरून आणत होती. त्यांची छायाचित्रं परदेशी वर्तमानपत्रांत छापून आली.

१३.
बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या बादलीत काही महिन्यांनी मातीवर पांढरा थर दिसतो. ते खत नव्हे, बुरशीही नव्हे. पाणी खालून वर चढतं, वर येऊन उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. खालून पाणी देण्याचा हा दोष आहे आणि तो मान्य करायला हवा. उपाय पावसाळा. जुलैत बादल्या उघड्यावर ठेवाव्यात, चार चांगल्या सरी मातीतून जाऊ द्याव्यात, भोकातून वाहू द्याव्यात. शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. या कामाला तो भरपूर आहे.

१४.
कोणतं पाणी चालतं:
एसीचं. त्यात क्षार जवळजवळ नसतात.
भाजी आणि तांदूळ धुतलेलं, पण वरून, मातीवर. नळीतून तळात सोडलं की आंबतं, वास मारतं.
कूलरच्या टाकीत उरलेलं नको. दिवसभर पाणी उडून क्षार तेवढे साठलेले असतात.
आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी याच कारणाने तळात भरू नये. ते फरशीला वापरावं.

१५.
मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून आला, निजामशाहीचा वजीर झाला, त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं हेच शहर. १७व्या शतकाच्या सुरुवातीला त्याने शहराला नहर दिली. डोंगराच्या बाजूचं जमिनीतलं पाणी, उताराने, खापरी नळांतून शहरात. ना पंप, ना वीज. वाटेत जागोजाग हवेसाठी मनोरे.

जायकवाडीचं पाणी पैठणहून, सुमारे ५० किलोमीटरवरून, पंपांनी वर चढवून आणावं लागतं. वीज गेली की पाळी पुढे जाते.

१६.
गच्चीवर वजन. अर्धा ड्रम माती आणि पाण्याने भरला की शंभर किलोच्या पुढे जातो. तो स्लॅबच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेवर ठेवावा. खाली विटा हव्यात. तापलेल्या स्लॅबवर टेकलेल्या ड्रमातलं पाणी दुपारी कढत होतं. निळ्या ड्रमला बाहेरून पांढरा रंग द्यावा. मातीवर उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला चार बोटं जाड अंथरावा. पाणी वाचवण्यात पाचटाचा वाटा मोठा.

१७.
एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. त्याच उन्हाळ्यात आमच्या शहराजवळच्या वाळूजच्या मद्य कारखान्यांच्या पाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात होता.

१८.
‘प्यायला पाणी नाही आणि झाडं कसली लावता?’ असं विचारलं जातं, आणि प्रश्न रास्त आहे. वरून ओतलेल्या पाण्यातलं बरंच कुंडीखालून वाहून जातं, बरंच उन्हाने उडतं. तळात साठवलेल्या पाण्यातलं बहुतेक झाडाच्याच पोटात जातं. झाडं लावायचीच असतील तर या शहरात ती अशीच लावायला हवीत, असं माझं स्पष्ट मत आहे. हौसेच्या लॉनबद्दल मला हे म्हणता येणार नाही.

१९.
बांधायचं असेल तर फेब्रुवारी संपायच्या आत बांधा, म्हणजे ऊन तापेपर्यंत मुळं खाली पोचतात. पहिली बादली पालकाची करा. जाळी आधी लावा, माती नंतर भरा. पाण्याच्या दिवशी घरचे हंडे, ड्रम भरून झाले की मग नळीतून पाणी सोडा, आणि बाजूच्या भोकातून ते बाहेर येऊ लागलं की थांबा.